नॉम पेन एका दिवसात: खाजगी गाडी-गाईड, सोबत आई-बाबा आणि लेक

अवनी_ठाणे

नमस्कार मंडळी,

जानेवारीत कंबोडियात अंगकोरला जातोय. सिएम रीपचं, म्हणजे अंगकोरजवळच्या गावाचं, सगळं ठरलंय, त्यावरचे इथले जुने धागे फार उपयोगी पडले. परतताना राजधानी नॉम पेनला एक अख्खा दिवस मिळतोय, त्याबद्दल विचारायचं आहे.

आम्ही पाच जण. आई-बाबा दोघंही सत्तरीपार, बाबांचा उजवा गुडघा दुखरा. मी, नवरा आणि नववीतली लेक. बस टूर आई-बाबांना झेपणार नाही म्हणून खाजगी टूर घ्यायचं ठरवलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एसी गाडी, इंग्रजी बोलणारा गाईड. एजंटने पाठवलेला क्रम असा: वाट नॉम, सेंट्रल मार्केट, स्वातंत्र्य स्मारक, साडेअकराला राजवाडा आणि सिल्व्हर पॅगोडा, जेवण, राष्ट्रीय संग्रहालय, तुओल स्लेंग, च्युंग एक, रशियन मार्केट आणि शेवटी सूर्यास्ताची बोट.

मला ही यादी खूप भरगच्च वाटते. शिवाय तुओल स्लेंग आणि च्युंग एक ही पोल पॉटच्या काळातल्या हत्याकांडाची ठिकाणं. ती बाजारहाटाच्या मधे अशी घुसवलेली बघून मला कसंसंच झालं. लेकीला न्यावं का? आई-बाबांना न्यावं का? जाऊन आलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

मेकाँगकाठी

अवनीताई, मी मूळचा इचलकरंजीचा. इथे कपड्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर आहे, बरीच वर्षं नॉम पेनला राहतो. घरचे, मित्र, मित्रांचे आई-वडील असे पाहुणे येत असतात, त्यामुळे हा दिवस कसा लावायचा याचा चांगला सराव आहे.

सगळ्यात आधी, साडेअकराचा राजवाडा खोडून टाका. राजवाडा सकाळी साधारण अकरापर्यंत उघडा असतो, मग दुपारभर बंद आणि दोननंतर पुन्हा पाचपर्यंत उघडा. एजंटने साडेअकरा लिहिलंय म्हणजे त्याने इथली वेळ बघितलेलीच नाही. तुम्ही पोचाल तेव्हा दार लागलेलं असेल आणि गाईड म्हणेल, चला आता मार्केट बघू.

दुसरं म्हणजे अंतर. वाट नॉम, राजवाडा, संग्रहालय, सेंट्रल मार्केट ही नदीकाठच्या जुन्या शहरातली, एकमेकांच्या जवळची ठिकाणं. तुओल स्लेंग शहरातच, पण थोडं दक्षिणेला. च्युंग एक मात्र शहराबाहेर, पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि त्या रस्त्याला मालवाहू ट्रकची वर्दळ असते. जायला पाऊण तास धरा, यायलाही तेवढाच. म्हणजे च्युंग एक घेतलं की अर्धा दिवस गेला, बाकी यादीत तीन-चार ठिकाणंच मावतात.

माझं स्पष्ट मत: खाजगी गाडी घेताय तर तिचा खरा फायदा उचला. सगळ्यांनी सगळं बघायचं हे बंधन बस टूरला असतं, तुम्हाला नाही. दोन गट करा. सकाळी आई-बाबा संग्रहालयात, तुम्ही तुओल स्लेंगला. दुपारी सगळे मिळून राजवाडा.

शर्वरी_न

मुलीला नेऊ नका. हे मी फार विचार करून लिहितेय. आम्ही तिथे होतो तेव्हा एक कुटुंब आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. तो बाहेर येऊन बाकावर बसला तो उठेचना. तुमची मुलगी मोठी आहे, पण तिथे जे आहे ते फोटोत किंवा पडद्यावर नाही, समोर आहे. लोखंडी पलंग, साखळ्या, त्याच खोलीत काढलेला मृतदेहाचा फोटो भिंतीवर. आपण मोठी माणसंही रात्री झोपत नाही. सुट्टीतल्या एका दिवसासाठी हे ओझं मुलीवर कशाला?

दत्ता_मास्तर

शर्वरीताई, तुमची काळजी समजते. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत आलो, आता निवृत्त आहे. थोडं वेगळं मत मांडतो.

तुओल स्लेंग ही मूळची शाळा. तीन मजली वर्गांच्या इमारती, मधे मोकळं पटांगण, चाफ्याची झाडं. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचे कट्टर साम्यवादी बंडखोर, शहरात शिरले आणि काही दिवसांत जवळपास वीस लाखांचं शहर रिकामं केलं. इस्पितळातले रुग्णसुद्धा खाटांसकट रस्त्यावर आणले. त्यानंतर या शाळेचा तुरुंग झाला, सांकेतिक नाव एस-२१. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या केल्या. तिथला प्रमुख, डुच या नावाने ओळखला जाणारा, मुळात गणिताचा शिक्षक. पुढे आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने निदान १२,२७२ बळी ग्राह्य धरले. २०१० मध्ये त्याला शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तो मेला.

मी ज्या वर्गात उभा होतो तिथे फळा अजून भिंतीवर होता. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेल्या माणसाला त्याचं काय वाटलं ते इथे लिहून सांगता येत नाही. पण एक नक्की कळलं की हे करणारी माणसं अडाणी नव्हती. पोल पॉट स्वतः पॅरिसला शिकून आलेला आणि नंतर शिक्षक होता. नववीच्या मुलीला हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. केंद्रीय मंडळाच्या नववीच्या इतिहासात हिटलर आणि नाझी राजवटीचा धडा आहेच. तो तिने वाचला असेल तर तिची तयारी आपल्याला वाटते त्याहून जास्त असेल.

मात्र तिला आधी विचारा, आणि मधेच निघायचं म्हणाली तर लगेच निघा. दोघांपैकी एका पालकाने फक्त तिच्यासोबत राहायचं, आपलं बघणं बाजूला ठेवून.

शर्वरी_न

मास्तर, पालकाने फक्त तिच्यासोबत राहायचं हे मान्य. तरी च्युंग एकला नको, या मतावर मी ठाम आहे. तिथे पाऊस पडला की अजून जमिनीतून हाडांचे तुकडे, कपड्याच्या चिंध्या वर येतात. आणि ज्या झाडावर लहान मुलांना मारलं ते झाड तसंच उभं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला याची गरज नाही.

मेकाँगकाठी

च्युंग एकबद्दल शर्वरीताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. ती जागा घाईत बघायची नाही. तिथलं श्राव्य मार्गदर्शन फार विचारपूर्वक केलंय. कानाला लावून प्रत्येक जण एकट्याने, आपल्या चालीने फिरतो. कुणी कुणाशी बोलत नाही. मधे १९८८ मध्ये बांधलेला काचेचा स्तूप, त्यात पाच हजारांवर कवट्या. निदान दीड-दोन तास हवेतच. त्यानंतर 'चला, आता बोटीत बसू' असं कुणी म्हणू नये.

दोन्हीपैकी एकच शक्य असेल तर तुओल स्लेंग करा. ते शहरात आहे आणि तिथे चेहरे आहेत. प्रत्येक कैद्याचा आणल्या-आणल्या फोटो काढला जायचा, ते फोटो ओळीने लावलेत. बायका, पोरं, म्हातारी माणसं. च्युंग एक पुढच्या खेपेला, सावकाश.

जुलै २०२५ मध्ये ही दोन्ही ठिकाणं आणि एम-१३ नावाचा आधीचा तुरुंग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, म्हणून सकाळी आठला दार उघडताच जा.

प्रज्ञा_वास्तु

मी वास्तुविशारद आहे, त्यामुळे कुणी न काढलेल्या विषयावर लिहिते. नॉम पेनला राजवाडा आणि नरसंहार एवढंच बघून लोक परततात याचं मला फार वाईट वाटतं. या शहराने १९५३ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर पंधरा-सोळा वर्षांत जे बांधलं ते आशियात क्वचितच कुठे बांधलं गेलं असेल. त्यातला मोठा माणूस वान मोलीवान. स्वातंत्र्य स्मारक त्याचंच, १९५८ चं, लाल रंगाचं, अंगकोरच्या शिखरासारखं, कमळाच्या पाकळ्यांच्या घाटाचं. गाडीतून बघितलं तरी चालतं. पण त्याचं १९६४ चं ऑलिम्पिक स्टेडियम संध्याकाळी नक्की बघा. मातीचे मोठे भराव घालून प्रेक्षागार केलंय, पाण्याचा निचरा आणि वारा यांचा विचार केलाय, आणि संध्याकाळी वरच्या कट्ट्यावर गाणी लावून शेकडो बायका-पुरुष व्यायाम करत असतात. तिकीट नाही, रांग नाही. या गावात आज माणसं कशी राहतात ते तिथे दिसतं.

आणि सेंट्रल मार्केटला खरेदीसाठी नाही, इमारतीसाठी जा. १९३७ चं, पिवळं, चार दिशांना चार लांब पंख आणि मधे प्रचंड घुमट. घुमटाच्या पायऱ्यापायऱ्यांमधून हवा आणि उजेड आत येतो, त्यामुळे भर उन्हातही मधल्या भागात गार वाटतं. रशियन मार्केट मी वगळेन. एका दिवसात दोन बाजार कशाला?

अवनी_ठाणे

इतक्या मनापासून उत्तरं दिलीत, खूप आभार. लेकीशी बोलले. म्हणाली, हिटलरचा धडा झालाय, मला तुओल स्लेंग बघायचं आहे, दुसरं नको. म्हणजे च्युंग एक गेलं.

आता आई-बाबांचं. बाबांना मूर्ती, पुराणं यांची फार आवड, कीर्तनं ऐकत मोठे झालेले. संग्रहालयात त्यांचा वेळ जाईल का? की अंगकोर बघून आल्यावर तेच ते वाटेल? आणि आई शाकाहारी, अंडंही नाही.

दत्ता_मास्तर

वेळ जाईल का? बाबांना तिथून बाहेर काढावं लागेल!

अंगकोरला देवळं आहेत, पण त्यातल्या मूर्तींपैकी उत्तमोत्तम इथे आणून ठेवल्यात. १९२० मध्ये सुरू झालेली लाल रंगाची इमारत, मधे बाग आणि कमळाची तळी, चहूबाजूंनी दालनं. एका पातळीवर सगळं, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. आत जाण्यापुरत्या पायऱ्या.

बाबांना चार गोष्टी नक्की दाखवा. नॉम दा इथला आठ हातांचा विष्णू, माणसाच्या दीडपट उंचीचा, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा. दगडाची कमान मूर्तीभोवती ठेवून हातांना आधार दिलाय. मग तिथलाच गोवर्धनधारी कृष्ण. आपल्याकडचा करंगळीवर पर्वत तोलणारा कृष्ण सगळ्यांना ठाऊक आहे. इथला कोवळा पोरगा आहे, डावा हात वर सरळ ताणून तळव्यावर पर्वत घेतलाय आणि कमरेत किंचित वळलाय. मला तर वाटलं, आता दम लागेल याला.

मग कोह केरचे वाली-सुग्रीव. दहाव्या शतकातलं शिल्प, दोन वानर एकमेकांना भिडलेत, पायात पाय अडकवून. आणि त्याच परिसरातल्या प्रासात चेन देवळातले भीम आणि दुर्योधन. गदायुद्धाचा शेवट, शेजारी बलराम. ही शिल्पं १९७० च्या दशकातल्या यादवीत चोरांनी घोट्यातून तोडली. पावलं तिथेच चौथऱ्यावर राहिली, धडं अमेरिकेत पोचली. त्या पावलांवरूनच पुढे सिद्ध झालं की ती तिथलीच आणि २०१४ मध्ये दुर्योधन, भीम, बलराम परत आले. महाभारत तोंडपाठ असलेल्या माणसाला ही हकीगत मूर्तीसमोर उभं राहून सांगा.

पश्चिम मेबोनचा शेषशायी विष्णू हे कांस्यातलं थोरलं काम, पण ते संवर्धनासाठी २०२४ मध्ये फ्रान्सला गेलं आणि मग परदेशी प्रदर्शनांत होतं. जाल तेव्हा परतलंय का ते गाईडला आधी विचारा.

सुनीता_खवय्यी

आईंच्या जेवणाचं: इथे 'मांस नको' एवढं म्हटलं तर मासे येतात. मासळीचं पाणी आणि 'प्राहोक' म्हणजे आंबवलेल्या माशांची चटणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते, भाजीतसुद्धा. म्हणून 'मांस नको, मासे नको, माशांचा सॉस नको, अंडं नको' असं ख्मेर लिपीत गाईडकडून फोनवर लिहून घ्या आणि दर वेळी दाखवा. बौद्ध उपोषणाच्या दिवसांमुळे पूर्ण शाकाहार ही कल्पना लोकांना नवी नाही, नीट सांगितलं तर आनंदाने करून देतात. नदीकाठाच्या मागच्या गल्ल्यांत भारतीय खानावळीही आहेत. दुपारी तिथेच जेवा, सगळ्यांची पोटं शांत राहतील. शहाळी जागोजाग मिळतात.

मेकाँगकाठी

पैशांचं थोडं. डॉलर सगळीकडे चालतात, सुटे मात्र रिएलमध्ये, म्हणजे इथल्या चलनात, मिळतात, डॉलरला चार हजारांच्या आसपास. नोटा कोऱ्या न्या. कोपरा फाटलेली किंवा शिक्का-शाई लागलेली नोट कुणी घेत नाही, अगदी हॉटेलातही नाही.

टूरचा भाव ठरवताना तीन गोष्टी लेखी विचारा: तिकिटं धरून की सोडून, गाईड परवानाधारक आहे का, आणि दुकानांत थांबे आहेत का. रेशीम, रत्नं, चांदी असे थांबे गुपचूप घातलेले असतात. सरळ लिहा: दुकान नको.

विमानतळ सप्टेंबर २०२५ पासून बदललाय. जुना पोचेंतोंगचा बंद होऊन दक्षिणेला तेचो नावाचा नवा सुरू झाला, शहरापासून वीसेक किलोमीटर. जुन्या ब्लॉगमधले 'शहरात वीस मिनिटांत' हे विसरा. आणि थायलंडमार्गे कुणी रस्त्याने यायचा विचार करत असेल तर करू नका. २०२५ मधल्या सीमेवरच्या लढाईनंतर नाकी बंद झाली, विमानानेच या आणि निघण्याआधी परराष्ट्र खात्याची सूचना बघा.

संध्याकाळी जवळपास फिरायला फोनवरून रिक्षा बोलवा. पासॲप किंवा ग्रॅब. येईल ती बहुतेक बजाजची असेल. आपल्या पुण्याची रिक्षा मेकाँगच्या काठावर बघून माझ्या आईचा चेहरा असा काही फुलला होता! कारखान्यातून निघालो की मीही तीच घेतो.

किरण_बेळगाव

वाचनखूण साठवली. वाट नॉमला एवढं महत्त्व का हे कुणी सांगेल का? फोटोत छोटी टेकडी दिसते.

मेकाँगकाठी

टेकडी छोटीच, २७ मीटर. पण शहराचं नाव तिच्यावरून. पेन नावाच्या एका श्रीमंत विधवेला १३७२ मध्ये पुरात वाहत आलेल्या ओंडक्यात बुद्धाच्या चार कांस्यमूर्ती आणि विष्णूची एक दगडी मूर्ती सापडली, तिने शेजाऱ्यांकडून माती टाकून घेऊन टेकडी उभारली आणि वर देऊळ बांधलं, अशी कथा. पेनबाईंची मूर्ती तिथे आहे आणि बायका तिला मनोभावे नवस बोलतात. अंगकोर सोडून राजधानी इथे आणणाऱ्या राजा पोन्हेया यातचा स्तूप मागे आहे. पायऱ्या आहेत, बाबांनी खालच्या बागेत बसावं.

आणि बोटीबद्दल एक. तोन्ले साप नदी पावसाळ्यात उलटी वाहते. मेकाँगला इतकं पाणी येतं की ते या नदीतून वर, मोठ्या तळ्याकडे ढकललं जातं आणि तळं चार-पाच पट पसरतं. नोव्हेंबरच्या आसपास प्रवाह पुन्हा फिरतो, तेव्हा जलोत्सव आणि नावांच्या शर्यती असतात. तुम्ही जानेवारीत येताय म्हणजे पाणी समुद्राकडे निघालेलं असेल. नावेतून संगमावर गेलात की दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो, तो नावाड्याला दाखवायला सांगा.

अवनी_ठाणे

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांनी इतकी मदत केलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

एजंटला नवी यादी पाठवली तेव्हा तो म्हणाला, एवढी कमी ठिकाणं घेतलीत तर पैसे वाया जातील. मग त्याला नाही सांगितलं आणि मेकाँगकाठी यांनी सुचवलेले तीन प्रश्न विचारून दुसरीकडून गाडी आणि गाईड ठरवला. गाईड पन्नाशीच्या बाई. अतिशय समंजस.

साडेसातला निघालो. आई-बाबांना आणि नवऱ्याला संग्रहालयात सोडलं. गाईडबाई आमच्याबरोबर तुओल स्लेंगच्या दारापर्यंत आल्या, तिकिटं आणि श्राव्य मार्गदर्शनाची यंत्रं काढून दिली आणि म्हणाल्या, मी आत येत नाही, तुम्ही तुमच्या वेळेने या. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग त्या गाडीने परत संग्रहालयात बाबांकडे गेल्या.

आत लेकीसोबत मी होते, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त तिच्यासाठी. पटांगणात शेवटच्या चौदा मृतांची पांढरी थडगी आहेत. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्य आलं तेव्हा त्यांचे मृतदेह सापडले. पहिल्या इमारतीत पिवळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशा, आपल्या जुन्या शाळांमध्ये असायच्या तशाच. लेक खाली फरशीकडेच बघत होती. एका इमारतीच्या व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तारांची जाळी आहे, कैद्यांनी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून. ते ऐकल्यावर तिने कानातलं काढलं आणि विचारलं, "आई, मरू पण द्यायचे नाहीत?" मी म्हटलं, नाही. थोडा वेळ बाकावर बसलो. निघायचं का विचारलं तर म्हणाली, फोटो बघून निघू.

फोटोंसमोर ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. तिच्या वयाची एक मुलगी आहे, कानापर्यंत कापलेले केस, छातीवर क्रमांक. पुढे वान नाथ यांची चित्रं आहेत. ते स्वतः त्या तुरुंगात होते, पोल पॉटची चित्रं काढून घ्यायची म्हणून त्यांना जिवंत ठेवलं, आणि सुटल्यावर त्यांनी आत जे बघितलं-ऐकलं ते रंगवलं. लेक चित्रकलेच्या परीक्षा देते. तिला हे फार भिडलं. रात्री ती नीट झोपली, शर्वरीताई. पण दुसऱ्या दिवशी विमानात तिने मला बरेच प्रश्न विचारले आणि त्यातल्या अर्ध्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. तुमचा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तिच्याहून लहान मूल असतं तर मी नेलं नसतं, आणि च्युंग एक टाळलं ते योग्यच केलं.

संग्रहालयात पोचलो तर बाबा दुर्योधनासमोर बसलेले! गाईडबाईंना गदायुद्ध सांगत होते, नवरा मधे भाषांतर करत होता. त्यांनी तिकडची हकीगत सांगितली आणि बाबांनी इकडची, बलराम का चिडला ती. आईला गोवर्धनधारी कृष्ण इतका आवडला की तिने चप्पल काढून नमस्कार केला. रखवालदार बाईंनीही हात जोडले.

दुपारी भारतीय खानावळीत जेवून हॉटेलवर तासभर आडवे झालो. हे केलं नसतं तर राजवाडा झाला नसता. दोनला राजवाड्यात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी गुंडाळलेली चालत नाही, बाहीचे कपडेच घाला. आवारात सावली फार कमी, छत्र्या न्या. सिंहासनाचं दालन दारातून बघायचं. सिल्व्हर पॅगोडात चांदीच्या पाच हजारांहून जास्त फरशा आहेत, एकेक किलोहून जड, पण बहुतेक गालिच्याखाली. कडेला थोड्या उघड्या ठेवल्यात तिथे वाकून बघा, प्रत्येकीवर हाताने कोरलेली फुलं आहेत. काही उचकटलेल्या कडांना चिकटपट्टी लावलीय. नव्वद किलोची, हिऱ्यांनी मढवलेली सोन्याची बुद्धमूर्ती तिथेच.

आणि त्याच्या आवाराभोवतीच्या ओवरीत 'रामकेर', म्हणजे तिथलं रामायण, भिंतभर रंगवलंय. १९०३-०४ चं काम, सहाशे मीटरच्या आसपास लांब. खालचा भाग ओलीने बराच गेलाय, जीव कळवळतो. पण बाबा गुडघा विसरून कोपऱ्यापर्यंत चालले. पांढरा हनुमान, आणि सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा दगड पळवते, तिच्याशी हनुमानाची जवळीक होते. बाबा आधी दचकले, मग म्हणाले, अरे, आपला मकरध्वज! लेकीला हनुमानाचा हा मुलगा मकरध्वज माहीत नव्हता, ओवरीत बसून सगळी गोष्ट झाली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली.

वाट नॉम आणि रशियन मार्केट केलंच नाही. सेंट्रल मार्केटच्या घुमटाखाली थोडा वेळ उभे राहिलो, प्रज्ञाताई, गारवा खरंच जाणवला. स्टेडियमऐवजी बोट घेतली कारण आईला पाण्यावर जायचं होतं.

प्रज्ञा_वास्तु

चिकटपट्टीचं वाचून वाईट वाटलं, पण तो तपशील दिल्याबद्दल आभार. ओवरीतलं ते काम वाचवायचे प्रयत्न पूर्वी पोलंडच्या तज्ज्ञांनी केले होते. पुरेसे पैसे कधी मिळाले नाहीत.

शर्वरी_न

अवनी, मुलीचे प्रश्न लिहून ठेव. दत्ता मास्तर इथे आहेतच.

दत्ता_मास्तर

जरूर. तिलाच इथे लिहायला सांगा. माहीत असेल तेवढं सांगेन, नसेल ते सोबत शोधू.

किरण_बेळगाव

आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरचा विचार करतोय. विमानाचं भाडं कमी दिसतंय. चालेल का?

मेकाँगकाठी

पाऊस असेल, तो फार अडवत नाही. संध्याकाळी तास-दोन तास कोसळतो आणि थांबतो. पण 'प्चुम बेन' कधी आहे ते आधी बघा. भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात येतं, म्हणजे आपला पितृपक्षच. पंधरा दिवस लोक पहाटे अंधारात देवळात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, काही ठिकाणी देवळाभोवती फिरत टाकतात. शेवटच्या दिवसांत, अमावास्येच्या आसपास सरकारी सुट्टी असते, सगळे गावी जातात, दुकानं बंद, चालक-गाईड मिळणं कठीण आणि मिळाले तर दर चढे. एप्रिलच्या मध्यावर नववर्षाला हीच स्थिती, वर उन्हाचा कहर. त्यामुळे सुट्टीचे ते तीन दिवस टाळा. त्याआधीच्या आठवड्यात मात्र जरूर या आणि एखाद्या पहाटे चारला देवळात जा, गाईडला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की नेतात. पांढरा सदरा किंवा साधे फिके कपडे घाला.

किरण_बेळगाव

पहाटेचं नक्की करणार. तारखा ठरल्या की इथेच विचारतो. सोबत सासूबाई असतील, चाकाची खुर्ची लागते. राजवाड्यात चालेल का?

मेकाँगकाठी

आवारात सपाट फरसबंदी आहे, खुर्ची फिरते. सिंहासनाच्या दालनाला आणि सिल्व्हर पॅगोडाला पायऱ्या आहेत, तिथे दोघांनी उचलावी लागेल. तुओल स्लेंगला तळमजल्यावरच्या खोल्या बघता येतात, वरचे मजले नाहीत. गाडी ठरवताना खुर्ची मावेल एवढी मोठी आहे ना ते फोटो मागवून बघा, आणि चालक उचलायला हात लावेल का हेही आधीच विचारून घ्या.